वाचक विचारतात : ओबामांचा जन्मदाखला आणि ‘जन्मजात नागरिक’

मागच्या अंकात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी लागणाऱ्या तीन अटींची छोटी चौकट दिली होती : वय किमान ३५ वर्षं, देशात १४ वर्षं वास्तव्य आणि ‘नॅचरल बॉर्न सिटिझन’ म्हणजे जन्मजात नागरिक असणं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं तिसऱ्या अटीवर आणि त्यातही बराक ओबामांच्या जन्मदाखल्यावर आहेत. काही पत्रं अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आहेत, दोन-तीन आपल्याकडच्या निवडणुकांबद्दल. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

सोलापूरहून : ओबामांचा जन्म केनियातल्या मोम्बासात झाला असं दाखवणारा एक दाखला अजूनही व्हॉट्सॲपवर येतो. सही-शिक्का सगळं आहे. तो खोटा कशावरून?

त्याच्यावरच्या तारखेवरून. २००९ च्या ऑगस्टमध्ये ऑर्ली टाइट्झ या वकीलबाईंनी तो कॅलिफोर्नियाच्या कोर्टात सादर केला. वर ठळक अक्षरांत ‘रिपब्लिक ऑफ केनिया’ आणि नक्कल दिल्याची तारीख १७ फेब्रुवारी १९६४. केनिया स्वतंत्र झाला १२ डिसेंबर १९६३ ला, पण प्रजासत्ताक झाला त्याच्या बरोबर एक वर्षानं, १२ डिसेंबर १९६४ ला. म्हणजे जे प्रजासत्ताक अजून दहा महिने जन्माला यायचं होतं, त्याच्या नावानं कारकुनानं दाखला दिला! पुढे काही दिवसांतच हा मजकूर ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाच्या जन्मदाखल्याच्या साच्यावर बसवल्याचंही उघड झालं.

याच्यासोबत ओबामांच्या केनियातल्या आजींच्या बोलण्याची एक ध्वनिफीतही फिरते. २००८ च्या ऑक्टोबरमधली फोनवरची, दुभाष्यामार्फतची मुलाखत आहे ती. जन्माच्या वेळी तुम्ही हजर होतात का, या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर येतं आणि फिरणारी फीत तिथेच कापलेली असते. पूर्ण फितीत लगेच पुढे गैरसमज दूर होतो आणि तो हवाईत जन्मला, तेव्हा आम्ही इथे होतो, असं पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. असा फॉरवर्ड आला की आधी ती फीत किती मिनिटांची आहे ते पाहा आणि मूळ किती मिनिटांची होती ते शोधा.

आता खऱ्या नोंदीकडे. ओबामांचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ ला संध्याकाळी ७ वाजून २४ मिनिटांनी होनोलुलूच्या कापिओलानी प्रसूती रुग्णालयात झाला. हवाई २१ ऑगस्ट १९५९ पासून अमेरिकेचं राज्य आहे, त्यामुळे ‘तेव्हा हवाई अमेरिकेत नव्हतंच’ हा मुद्दा दोन वर्षांनी चुकतो. फॉर्मवर आईची सही ७ ऑगस्टची, डॉक्टरांची ८ ची आणि निबंधकानं नोंद स्वीकारल्याची तारीखही ८ ऑगस्टच. आईचं वय १८, जन्मगाव विचिटा, कॅन्सस. वडिलांचं वय २५, व्यवसाय विद्यार्थी, जन्मस्थान ‘केनिया, ईस्ट आफ्रिका’.

या शेवटच्या ओळीवरही आक्षेप घेतात, की १९६१ मध्ये केनिया नावाचा देशच नव्हता. स्वतंत्र देश नव्हता हे खरं, पण १९२० पासून त्या भागाचं अधिकृत नाव केनिया कॉलनी होतं. वडिलांच्या वंशाच्या रकान्यात ‘नीग्रो’ ऐवजी ‘आफ्रिकन’ कसं, असंही विचारतात. तो रकाना आईवडील सांगतील तसा भरला जायचा, आणि केनियाहून शिकायला आलेला तरुण स्वतःला आफ्रिकन म्हणवणारच.

सगळ्यांत भक्कम पुरावा मात्र दाखल्याच्या बाहेर आहे. ‘होनोलुलू ॲडव्हर्टायझर’च्या १३ ऑगस्ट १९६१ च्या आणि ‘स्टार-बुलेटिन’च्या १४ ऑगस्टच्या अंकात जन्मांच्या यादीत एक ओळ आहे : श्री. व सौ. बराक एच. ओबामा, घरचा पत्ता, मुलगा, ऑगस्ट ४. बाळाचं नाव नाही, फोटो नाही, अभिनंदन नाही. ही आईवडिलांनी पैसे भरून दिलेली जाहिरात नव्हती. आरोग्य खात्यात नोंदलेल्या जन्मांची यादी खात्याकडून वर्तमानपत्रांना जायची आणि ती जशीच्या तशी छापली जायची. हे अंक मायक्रोफिल्मवर वाचनालयात आहेत. ओबामांची नोंद नंतर कुणी घुसडली म्हणायचं, तर १९६१ सालच्या दोन वर्तमानपत्रांच्या फिल्म्सही बदलल्या असं म्हणावं लागतं.

पुण्याहून (दोन पत्रं, दोघेही सॉफ्टवेअरमधले) : व्हाइट हाउसनं २०११ मध्ये टाकलेली पूर्ण दाखल्याची पीडीएफ आम्ही स्वतः उघडून पाहिली. तिच्यात खरोखरच लेयर्स, म्हणजे थर, आहेत. काही अक्षरं वेगळ्या लेयरवर आहेत. अक्षरांभोवती पांढरी कड आहे. हा फोटोशॉपचा पुरावा नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही पाहिलंत ते बरोबर पाहिलंत. लेयर्स आहेतच. चूक निष्कर्षात आहे, आणि ती कुठे होते हे नीट सांगण्यासारखं आहे.

ऑफिसातली मोठी कॉपिअर-स्कॅनर यंत्रं पान आहे तसं साठवत नाहीत. रंगीत पान पूर्ण बारकाव्यासह साठवलं तर फाइल अवाढव्य होते. म्हणून यंत्र पानाचे तुकडे पाडतं. जे गडद आणि रेखीव दिसेल ते अक्षर समजून बाजूला काढतं आणि फक्त काळं-पांढरं, पण जास्त रेझोल्यूशननं ठेवतं. उरलेली रंगीत पार्श्वभूमी जेपेग करून कमी रेझोल्यूशननं ठेवतं. पीडीएफ उघडली की हे थर एकावर एक बसतात आणि डोळ्याला एक पान दिसतं. या पद्धतीला मिक्स्ड रास्टर कंटेंट म्हणतात. या दाखल्याच्या पीडीएफमध्ये पार्श्वभूमी साधारण १५० आणि अक्षरांचा मुख्य थर ३०० पिक्सेल प्रति इंच आहे. या पद्धतीची हीच नेहमीची खूण.

आता गोंधळ कशामुळे? दाखल्याची नक्कल हिरव्या विणीच्या सुरक्षा-कागदावर काढलेली आहे. त्या नक्षीमुळे यंत्राची निवड चुकते. एखाद्या शब्दातलं एक अक्षर फिकट असेल तर ते ‘चित्र’ म्हणून पार्श्वभूमीत राहतं आणि शेजारची अक्षरं ‘मजकूर’ म्हणून वर जातात. म्हणूनच एका सहीचा अर्धा भाग एका थरावर आणि उरलेला दुसऱ्यावर दिसतो. इथे एक साधा विचार करून पाहा : खोटा दाखला बनवणारा माणूस सही पूर्ण चिकटवेल, अर्धी सही एका लेयरवर आणि चार रेघा दुसऱ्यावर, असं काम कोण करेल? अशी वेडीवाकडी तोड यंत्राची असते, ते शब्द वाचत नाही, फक्त गडदपणा मोजतं. अक्षरांभोवतीची पांढरी कडही त्यातूनच येते. अक्षर उचललं की खाली पडलेली जागा यंत्र भरून काढतं, आणि जेपेगच्या धूसरपणात तो भराव अक्षरापेक्षा जरा रुंद होतो.

‘काही अक्षरं हुबेहूब, पिक्सेल-न-पिक्सेल सारखी आहेत, टाइपरायटरवर असं होत नाही’ हेही एका पत्रात आहे. तेही खरं आहे. काळ्या-पांढऱ्या थरासाठी जेबिग-२ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवून सगळीकडे तोच ठसा वापरतात. या पद्धतीची खोड पुढे वेगळ्याच कारणानं जगापुढे आली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्स वर्कसेंटर मालिकेतली काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलतात, ६ च्या जागी ८ येतो, कारण यंत्राला दोन्ही ठसे सारखे वाटतात. त्याच वर्षी वर्कसेंटरवर स्कॅन करून, ती फाइल मॅक संगणकावरच्या प्रीव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा पीडीएफ केली, तर ओबामांच्या फाइलमधल्या खुणा एकेक करून उमटतात हेही काही जणांनी करून दाखवलं. व्हाइट हाउसच्या फाइलमध्ये स्कॅनरचं नाव सापडत नाही ते याच शेवटच्या पायरीमुळे : प्रीव्ह्यूनं फाइल नव्यानं लिहिली की त्यात मॅकच्या ‘क्वार्ट्झ’चं नाव येतं, आधीचं पुसलं जातं.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर ऑफिसातल्या कॉपिअरवर करा, फोनच्या स्कॅनिंग ॲपवर नको. फिकट नक्षीच्या रंगीत कागदावर टाइप केलेलं पान घ्या. जुना मुद्रांक किंवा गुणपत्रिका चालेल. स्कॅनिंगमध्ये रंगीत आणि ‘कॉम्पॅक्ट पीडीएफ’ किंवा ‘हाय कॉम्प्रेशन’ निवडा. साधं जेपेग किंवा टिफ निवडलंत तर एकच थर मिळेल आणि प्रयोग फसला असं वाटेल; कृष्णधवल निवडलंत तरी तेच. फाइल इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये उघडा, ग्रुप आणि क्लिपिंग मास्क सोडवा आणि तुकडे एकेक करून बाजूला सरकवा. तुमच्या स्वतःच्या गुणपत्रिकेतला एखादा ‘अ’ पार्श्वभूमीत अडकलेला दिसेल.

आणि एक मूलभूत गोष्ट. पीडीएफ हा दाखला नव्हे. ओबामांच्या वकील जूडिथ कॉर्ली होनोलुलूला जाऊन दोन प्रमाणित प्रती घेऊन आल्या आणि २७ एप्रिल २०११ ला त्या पत्रकारांसमोर ठेवल्या गेल्या. डाव्या कडेला मजकूर किंचित वळलेला दिसतो, कारण मूळ पान बांधलेल्या जाड नोंदवहीत आहे आणि वही काचेवर पूर्ण सपाट बसत नाही. संशय असेल तर तो नोंदवहीशी ताडून फेडायचा. आणि नोंदवही ज्यांच्या ताब्यात आहे त्या राज्याच्या निबंधकांनी तो लेखी फेडला आहे, त्याबद्दल पुढे.

नाशिकहून : मग हा पूर्ण दाखला २००८ मध्येच का दिला नाही? लपवण्यासारखं काहीच नव्हतं तर तीन वर्षं का लागली?

कारण २००८ च्या जूनमध्ये दाखला दिला होता. हवाई राज्य मागणाऱ्याला संगणकावरून छापलेला एकपानी दाखला देतं. पासपोर्टला, नोकरीला, कोर्टात तोच चालतो. आपल्याकडे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जन्मदाखला मागितला तर नोंदवहीतला उतारा शिक्का मारून मिळतो. नोंदवहीचं मूळ पान झेरॉक्स करून कुणी देत नाही. तसंच ते.

गडबड प्रकाशित करण्यात झाली, हे मान्य करायला हवं. वेबसाइटवर टाकलेल्या स्कॅनमध्ये दाखल्याचा क्रमांक काळा केला होता आणि उठावाचा शिक्का दिसत नव्हता. उठावाचा शिक्का म्हणजे कागद दाबून उमटवलेला, बिनशाईचा. सपाट स्कॅनरचा उजेड सरळ पडतो म्हणून तो उमटत नाही. बाजूनं उजेड टाकून फोटो काढावा लागतो. ‘फॅक्टचेक’ या तथ्य तपासणाऱ्या संस्थेच्या लोकांनी ऑगस्ट २००८ मध्ये शिकागोला जाऊन कागद हातात घेऊन तसे फोटो काढले. त्यात शिक्का, मागच्या बाजूची निबंधकांची सही आणि क्रमांक १५१ १९६१-०१०६४१ स्वच्छ दिसतो.

त्यानंतर ३१ ऑक्टोबर २००८ ला हवाईच्या आरोग्य संचालक डॉ. चियोमे फुकिनो यांनी मूळ नोंद स्वतः पाहिल्याचं जाहीर केलं आणि जुलै २००९ मध्ये पुन्हा सांगितलं. त्यांची नेमणूक करणाऱ्या गव्हर्नर लिंडा लिंगल रिपब्लिकन होत्या, म्हणजे ओबामांच्या विरोधी पक्षाच्या. मूळ पानाची नक्कल देणं राज्यानं बंदच केलं होतं. २०११ मध्ये ओबामांनी स्वतः पत्र लिहून अपवाद करण्याची विनंती केली तेव्हा ती मिळाली.

आमचं स्पष्ट मत असं आहे की पहिला दाखला पुरेसा होता आणि दुसरा मागणं हा अपमान होता. आधीच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला नोंदवहीचं पान आणून दाखवावं लागलेलं नाही. २०११ च्या वसंतात डोनाल्ड ट्रम्प यांनी टीव्हीवर हा विषय रोजचा करून टाकला होता. त्यांनी ओबामा अमेरिकेतच जन्मले हे १६ सप्टेंबर २०१६ ला मान्य केलं, म्हणजे पान दाखवल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळानं, आणि त्याच भाषणात वादाची सुरुवात हिलरी क्लिंटन यांनी केली असं खोटंच सांगितलं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या २००८ च्या प्राथमिक फेऱ्यांच्या वेळी क्लिंटन यांच्या काही समर्थकांनी असे ईमेल फिरवले होते, पण त्यांच्या प्रचारयंत्रणेनं ते केल्याचा पुरावा नाही.

ठाण्याहून : समजा, केनियात जन्म झाला असता, तरी आई अमेरिकन होती. मग काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं, आणि सगळा वाद ‘केनिया’लाच का चिकटून राहिला याचं कारण इथे आहे. १९६१ ला लागू असलेल्या १९५२ च्या कायद्यानुसार, मूल परदेशात जन्मलं आणि आईवडिलांपैकी एकच अमेरिकन असेल, तर त्या अमेरिकन पालकानं मुलाच्या जन्माआधी एकूण १० वर्षं अमेरिकेत काढलेली असायला हवीत, आणि त्यातली किमान ५ वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. चौदा अधिक पाच म्हणजे एकोणीस. ओबामांची आई तेव्हा १८ वर्षांची होती. म्हणजे मूल परदेशात झालं असतं तर ती आपलं नागरिकत्व त्याला देऊच शकली नसती. १९८६ मध्ये ही अट ५ वर्षं आणि चौदानंतरची २ अशी सैल झाली.

रिपब्लिकन सेनेटर टेड क्रूझ हे उदाहरण समोर ठेवा. जन्म १९७० चा, कॅनडातल्या कॅलगरीत. आई अमेरिकन, वडील तेव्हा अमेरिकन नागरिक नव्हते. आई मोठी होती, अट पूर्ण झाली, ते जन्मापासून नागरिक. त्यांनी २०१६ ची प्राथमिक फेरी लढवली आणि त्याआधी २०१४ मध्ये कॅनडाचं नागरिकत्व सोडलं. २००८ मध्ये ओबामांच्या विरोधातले जॉन मॅकेन तर १९३६ मध्ये पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले होते. त्यांच्यासाठी सेनेटनं ३० एप्रिल २००८ ला बिनविरोध ठराव केला. तो ठराव कायदा नव्हे, नुसतं मत. परदेशात जन्मलेला ‘जन्मजात’ धरावा का, हा कायद्याच्या अभ्यासकांपुढचा खरा प्रश्न आहे. तो ओबामांना लागूच होत नव्हता, पण झोड त्यांच्यावरच उठली.

न्यू जर्सीहून : आम्ही दोघं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना मुलगी इथे जन्मली. आमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहेत. आईवडील दोघंही नागरिक असल्याशिवाय मूल ‘जन्मजात नागरिक’ होत नाही, असं इथे एका कार्यक्रमात ऐकलं. खरं आहे का?

नाही. जुन्या कायद्यानंही नाही. अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिक मानणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, आणि तिच्यावरचा १८९८ चा वाँग किम आर्क खटला : सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला तरुण. आईवडिलांना तर तेव्हाच्या कायद्यानं अमेरिकन होण्याची मुभाच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं मुलाला जन्मानं नागरिक ठरवलं. ‘दोन नागरिक पालक’वाले १८७५ च्या मायनर विरुद्ध हॅपरसेट खटल्यातलं एक वाक्य दाखवतात, पण त्या निकालात, परक्यांच्या मुलांबद्दल शंका असली तरी ती इथे सोडवण्याची गरज नाही, असं कोर्टानंच म्हटलं आहे, खटला स्त्रियांच्या मताधिकाराचा होता. इंडियानाच्या अपील न्यायालयानं १२ नोव्हेंबर २००९ ला हाच प्रश्न सरळ घेतला आणि अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो जन्मजात नागरिक, आईवडिलांचं नागरिकत्व काहीही असो, असा निकाल दिला.

हा सिद्धांत ओबामांपुरता थांबला नाही. कमला हॅरिस (ओकलंड, १९६४), बॉबी जिंदाल (बॅटन रूज, १९७१), निकी हेली (बॅमबर्ग, १९७२), प्रत्येक वेळी उमेदवार आपल्यासारख्या घरातला होता आणि प्रत्येक वेळी आईवडिलांचा पासपोर्ट विचारला गेला. म्हणून तुमचं पत्र आम्हाला महत्त्वाचं वाटतं. उपराष्ट्राध्यक्षालाही बाराव्या घटनादुरुस्तीनं हीच अट आहे.

२० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना नागरिकत्व नाकारणारा तो आदेश सहीनंतर ३० दिवसांनी आणि पुढे जन्मणाऱ्या मुलांपुरताच लिहिलेला आहे, आणि खालच्या न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली. तुमची मुलगी २०१४ ची; तिला तो त्याच्या शब्दांतही लागू नाही. तिच्या जन्मदाखल्याच्या मोठ्या स्वरूपातल्या, म्हणजे आईवडिलांची नावं आणि रुग्णालय असलेल्या, दोन प्रमाणित प्रती मात्र राज्याच्या नोंदणी कार्यालयातून आताच काढून ठेवा. रुग्णालयातून मिळालेला पावलांच्या ठशांचा कागद हा शोभेचा असतो, दाखला नव्हे.

कोथरूडहून : नातू अमेरिकेत जन्मला, आता इथे आमच्याजवळ शाळेत आहे. ओबामाही लहानपणी इंडोनेशियात होते आणि त्यांचं अमेरिकन नागरिकत्व गेलं असं वाचलं. नातवाचं जाईल का?

जाणार नाही, आजी. ओबामांचंही गेलं नव्हतं. ते १९६७ ला जाकार्ताला गेले, १९७१ ला परत आले. सावत्र वडिलांनी शाळेच्या फॉर्मवर काय लिहिलं यानं काही बदलत नाही. १९३९ च्या पर्किन्स विरुद्ध एल्ग खटल्यात न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, लहानपणी आईबरोबर स्वीडनला गेलेली मुलगी होती. वडिलांनी आपलं नागरिकत्व सोडलं तरी मुलीचं जात नाही असं न्यायालयानं सांगितलं. १४ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, पण ती सलग हवीत असं घटनेत लिहिलेलं नाही.

नागपूरहून (वकील) : सगळे खटले ‘लोकस’, म्हणजे दाद मागण्याचा हक्क, नाही म्हणून फेटाळले. पुरावा कुणी पाहिलाच नाही, हे खरं ना?

बहुतेकांचं खरं, सगळ्यांचं नाही. फिलाडेल्फियातली पहिली मोठी याचिका २१ ऑगस्ट २००८ ची. २४ ऑक्टोबरला ती फेटाळली, कारण सर्वसामान्य मतदाराला इतरांपेक्षा वेगळं नुकसान दाखवता आलं नाही. तिथलं लोकसचं तत्त्व आपल्या जनहित याचिकेच्या सवयीपेक्षा फार कडक आहे.

पण जॉर्जिया राज्यातला निकाल वाचा. २६ जानेवारी २०१२ ला अटलांटात प्रशासकीय न्यायाधीश मायकल मलीही यांच्यापुढे सुनावणी झाली. ओबामांचे वकील आलेच नाहीत. मैदान मोकळं होतं. तक्रारदारांनी साक्षीदार उभे केले, पीडीएफचे लेयर्स दाखवले. ३ फेब्रुवारीला निकाल आला : साक्षीदार तज्ज्ञ ठरत नाहीत, पुराव्याला वजन नाही, ओबामा हवाईत जन्मले आणि पात्र आहेत. समोर कुणी नसताना एकतर्फी हरण्याइतका तो पुरावा दुबळा होता. सैन्यातल्या एका अधिकाऱ्याच्या वतीनं तोच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडल्याबद्दल टाइट्झबाईंना जॉर्जियाच्याच फेडरल न्यायाधीशांनी २००९ मध्ये २०,००० डॉलर दंड केला होता.

साताऱ्याहून : आपल्यासारखी छाननी तिथे असते का? उमेदवाराचे कागद तपासतं कोण?

एक असं कुणी नाही. फेडरल निवडणूक आयोग फक्त प्रचाराचा पैसा पाहतो. मतपत्रिकेवर नाव घालणं राज्यांच्या हाती, आणि राज्यं पक्षाचं पत्र ग्राह्य धरतात. ही फट खरी आहे आणि अफवा तिच्यातूनच वाढली. पण अधिकाऱ्यानं मनावर घेतलं तर मार्ग सोपा आहे. २०१२ मध्ये ॲरिझोनाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणुका पाहणारे अधिकारी, केन बेनेट यांनी हवाईला अधिकृत पत्र लिहून पडताळणी मागितली. राज्य निबंधक अल्विन ओनाका यांनी नोंदीशी ताडून लेखी दुजोरा दिला. बेनेट यांनी तो स्वीकारून नाव मतपत्रिकेवर घातलं. शेवटची पायरी काँग्रेसमधली मतमोजणी. ८ जानेवारी २००९ ला तिथे लेखी हरकत घ्यायला एक सेनेटर आणि एक प्रतिनिधी पुरेसा होता. एकही जण उठला नाही.

मडगाव आणि सावंतवाडीहून : आपल्याकडे उमेदवारानं पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्याची कुजबुज दर निवडणुकीला होते. तक्रार कशी करायची?

आधी फरक लक्षात घ्या. भारतात जन्मजात असण्याची अट नाही. नोंदणीनं नागरिक झालेली व्यक्ती खासदार, पंतप्रधान, राष्ट्रपतीही होऊ शकते. सोनिया गांधींचं नागरिकत्व ३० एप्रिल १९८३ च्या नोंदणीचं आहे. १९९९ च्या निवडीवरची याचिका मजकूर मोघम म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये टिकू दिली नाही. आपल्याकडे अडतं ते दुसरीकडे : कलम १०२ आणि १९१ प्रमाणे स्वेच्छेनं परदेशी नागरिकत्व घेतलं की अपात्र.

गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवता येतो. त्यापुढची पायरी ओळखपत्र, मग पासपोर्ट. नुसती नोंद म्हणजे नागरिकत्व ‘घेणं’ का, यावर वाद आहे. पासपोर्ट घेतला असेल तर नागरिकत्व नियमांची तिसरी अनुसूची तो निर्णायक पुरावा मानते, आणि १९६२ च्या इझहार अहमद खान खटल्यात ते वैध ठरलं आहे.

तक्रार छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या, कागदासह. वर्तमानपत्राचं कात्रण किंवा व्हॉट्सॲपचा फोटो जोडून उपयोग होत नाही. उमेदवाराला उत्तरासाठी फार तर छाननीच्या दिवसानंतर दोन दिवसांपर्यंत मुदत मिळते. ही चौकशी संक्षिप्त असते, आणि नागरिकत्व गेलं का हे ठरवणं त्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत नाही. निकाल लागल्यापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, २,००० रुपये अनामत भरून. मात्र १९८६ मध्ये राजीव गांधींवर इटलीचं नागरिकत्व घेतल्याचा आरोप करणाऱ्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की परदेशी नागरिकत्व घेतलं का, हा प्रश्न नागरिकत्व कायद्याच्या कलम ९(२) खाली केंद्र सरकारच ठरवू शकतं. निवडणूक याचिकेत तो ठरवता येत नाही. दुसऱ्याच कुठल्या कागदावरचा नुसता उल्लेखही पुरत नाही : राहुल गांधींना एका कंपनीच्या कागदांत ब्रिटिश म्हटलं होतं, त्यावरची याचिका ९ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

म्हणून हातात खरोखर कागद असेल तर निवडणुकीची वाट पाहू नका. गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व विभागाकडे कलम ९(२) खाली अर्ज करा, पासपोर्टचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि नोंदणी कार्यालयाचा उतारा जोडून. याला महिने नव्हे, वर्षंही लागतात. अर्ज प्रचाराच्या पंधरवड्यात केलात तर निकाल पुढच्या निवडणुकीनंतर हातात येईल.